उंबऱ्याशी भरलेली सुरई

बगदाद, ६ जुलै २००४

ती. निहादताईस मुहन्नदचा सलाम, वि. वि.

आपल्या न्यायाधीशांनी काल लुअय्यच्या सुटकेचा हुकूम काढला. न्यायखात्यातल्या कारकुनाने आज मला समोर बसवून तसं सांगितलं. आपलं सरकार आता सार्वभौम आहे, असंही दोनदा ऐकवलं. एकदा सांगून का भागलं नाही, हे मी विचारलं नाही. पण आपला भाऊ आहे त्या छावणीच्या फाटकाच्या किल्ल्या अजून परक्या फौजेकडेच आहेत.

खझलकाका आत्तापासून बंदूक पुसत बसलेत. पुतण्याची खबर आली की गच्चीवरून हवेत गोळ्या झाडणार म्हणतात. तुझ्या लग्नात झाडल्या तेव्हा शेजाऱ्यांची पाण्याची टाकी फुटली होती, ते सोयीने विसरलेत.

आईसाठी दुआ कर.

तुझा,
मुहन्नद


अम्मान, ९ जुलै

चि. मुहन्नद यास अनेक आशीर्वाद.

टॅक्सीवाल्याने पत्र दिलं, पण त्याला चहा विचारायचंही भान मला राहिलं नाही. बाबा रे, हुकूम काढणारा एक आणि फाटक उघडणारा दुसरा, असल्या सुटकेवर माझा काडीचा विश्वास नाही. कारकून दोनदा बोलला म्हणजे त्याचीही खात्री नसणार.

लुअय्य दारात दिसेपर्यंत शेजाऱ्यांना कळू देऊ नकोस. त्याला पकडून कुणी दिलं, हे अजून आपल्याला कुठे ठाऊक आहे? आणि काकांची बंदूक गव्हाच्या पोत्यांखाली घाल. ते रुसतील. रुसू देत.

खुशाली लगेच कळव. गोड बातमी असेल तरी दोनदा तपासून मगच लिही.

तुझी,
निहाद


बगदाद, १५ जुलै

ती. ताईस सलाम, वि. वि.

लुअय्य घरी आला. मी स्वतः त्याचा हात धरून पाहिला, म्हणजे एकदा तपासलं. दुसऱ्यांदा तपासायची हिंमत नाही.

मंगळवारी दुपारी त्याला सोडल्याचा निरोप आला आणि काकांनी पोती उपसली. चार गोळ्या झाडल्या असतील नसतील, तोच गल्लीत परक्यांची गस्त शिरली. हा आनंद आहे, असं काका त्यांच्या दुभाष्याला ओरडून सांगत होते. आमच्यावर गोळीबार झाला, असं म्हणत त्यांनी काकांना गाडीत घातलं. घरचं माणूस दूर निघालं की ते सुखरूप परतावं यासाठी मागे पाणी ओततात, म्हणून आई सुरई घेऊन गाडीमागे धावली. एका सैनिकाने तिच्यावर बंदूक रोखली. तरी तिने पाणी ओतलंच.

तासाभराने लुअय्य चालत आला, तेव्हा दारापुढची माती ओलीच होती. हसायचं की रडायचं, आम्हाला कळेना. तो खिडकीजवळ बसत नाही. ही सुटका खरी का, असं मलाच विचारतो.

आपली पोलीसचौकी म्हणते, काका आमचे आरोपी. छावणी म्हणते, आमचे. अखेर छावणीचा कप्तान इतक्याला कबूल झाला, की ज्याच्यासाठी गोळ्या झाडल्या त्याने स्वतः फाटकाशी येऊन साक्ष दिली तर काकांना सोडू. लुअय्यला पुन्हा आत घेणार नाहीत, अशी हमी मी कारकुनाकडे मागितली. सरकार सार्वभौम आहे, असं तो म्हणाला. या खेपेला एकदाच.

मी लुअय्यला जाऊ नकोस म्हटलं. काका माझ्यापायी आत आहेत, एवढंच तो बोलला.

उद्या सकाळी आम्ही दोघे फाटकावर जाऊ. आईने सुरई आत्ताच भरून उंबऱ्याशी ठेवली आहे. आम्हा सगळ्यांवर लोभ आहेच, उद्या थोडा जास्त असू दे.

तुझा,
मुहन्नद