अण्णांचा नाच आणि चार टीबी जागा

१२ जानेवारी, सकाळ
संकल्प. अण्णांचा नाच वाचवायचा.
माझे सासरे अण्णाराव, लिंबागणेशचे भुसार व्यापारी, आयुष्यात एकदाच नाचले. वीस वर्षांपूर्वी, आमच्या वरातीत, चार मिनिटं, टॉवेल दातात धरून. ते लग्नाच्या सीडीत आहे. दुसरी कॉपी नाही. अण्णांना जाऊन तीन वर्षं होतील. ९ फेब्रुवारीला पुण्यतिथी, सासूबाईंना तो नाच टीव्हीवर बघायचाय. बायको, गंगासागर, म्हणाली, अण्णा हलताना दिसतात ते तेवढंच. मी म्हणालो, झालंच समज. नेकनूर स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटर म्हणजे माझ्या हातचा मळ.

१३ जानेवारी
सीडी कशात उतरवायची? घाई नको. शास्त्रशुद्ध तुलना करणार. रकाने आखले: सीडी, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, हार्ड डिस्क, एसएसडी, क्लाउड. आखणी फार देखणी झाली. आज एवढंच.
ता. क. लग्नाची सीडी, जिच्यावर आम्हा दोघांची नावं आहेत, 'संगमेश्वर' आणि 'गंगासागर', ती 'प्रिंटर ड्रायव्हर' लिहिलेल्या कव्हरात घातली. चोर चक्रावेल.

१६ जानेवारी
पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात राहिला, वॉशिंग मशीनमधून निघाला. वाळवला. चालला! गंगासागर म्हणाली, शर्टाचा डाग तेवढा ऱ्हायला. तिला विज्ञानात रस नाही.

१९ जानेवारी
मेमरी कार्ड. नखाएवढं, पण अख्खं नेकनूर मावेल. नीट जपून ठेवलं.
त्याच दिवशी, दुपार
कुठे जपून ठेवलं ते आठवेना. नापास. चूक कार्डाची. एवढं लहान व्हायची गरज काय?

२३ जानेवारी
हार्ड डिस्क आणली. दोन टीबी! कपाटावरून पडली. आता आत टकटक वाजतं. काहीतरी तपासत असावी.

२५ जानेवारी
एसएसडी! आणखी दोन टीबी! आत काहीच फिरत नाही. मुद्दाम तीनदा पाडली, ढिम्म. वेग अफाट. टाकायला काही नव्हतं म्हणून लाइटबिल टाकलं. पापणी लवायच्या आत गेलं. इतका आनंद झाला की तेच बिल नऊ वेळा टाकलं.

२८ जानेवारी
क्लाउड. पासवर्ड आठवत नाही. ओटीपी माझ्या जुन्या नंबरवर जातो. तो नंबर आता उमापूरच्या कुणा ताराबाईंकडे आहे. फोन केला. ओटीपी कुणालाच द्यायचा नसतो म्हणाल्या, वर लाज वाटती का न्हाई असंही विचारलं. जागरूक बाई. क्लाउड सुरक्षित आहे हे सिद्ध झालं. अगदी माझ्यापासूनसुद्धा.
गंगासागरने विचारलं, सीडी उतरवली का? सांगितलं, तुलना अंतिम टप्प्यात आहे.

३० जानेवारी
दुकान आधुनिक करायचं ठरवलं. प्रिंटर ड्रायव्हरच्या जुन्या सीड्या गठ्ठ्याने बंकटला देऊन टाकल्या. बंकट शाळेपासूनचा मित्र. त्याच्या ज्वारीवर पाखरं पडतात, सीड्या टांगल्या की चमकेला भिऊन पळतात. सीडीच्या रकान्यात शेरा मारला: पाखरांसाठी उत्तम.

५ फेब्रुवारी, सकाळ
निकाल! एसएसडी पहिली! आज सीडी उतरवणार.
दुपारी १२. लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. इतके दिवस कुणी बोललं नाही. शेजारच्या फोटोवाल्याकडून ड्राइव्ह मागून आणला.
दुपारी १. सीडी सापडत नाही.
दुपारी १.१०. कुठे आहे ते कळलं. दुकानाचं शटर ओढलं.
सायंकाळी ५. बंकटच्या रानात. चहूकडे लखलखाट. बंकट जाम खूश. म्हणाला, आर्ध्या आर्ध्या तोडून टांगल्या बे, डब्बल चमकत्यात. बांधाच्या काठीवर 'संगमेश्वर' सापडला. 'गंगासागर' लिहिलेली अर्धी शेवटपर्यंत दिसली नाही. पाखरू मात्र एकही नव्हतं.

७ फेब्रुवारी
घरी सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतोय. काल मुहूर्त नव्हता, आज ती खुशीत होती.

९ फेब्रुवारी, लिंबागणेश, दुपार
सगळे जेवून टीव्हीसमोर बसले. आता सांगावंच लागलं. गंगासागर माझ्याकडे बघेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
तेवढ्यात सासूबाई उठल्या. कौशल्याबाई, वय सत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. म्हणाल्या, "त्यात काय बगायचं जावईबापू? मला समदं याद हाय. आसं नाचलते!" आणि पदर दातात धरला, एक हात कमरेवर, एक वर, खांदे हुबेहूब अण्णांसारखे उडायला लागले. बँडवाल्याला अण्णांनी डोळा मारला होता, तोही मारला. मेहुणी अपेक्षा पातेलं बडवायला लागली. माणसं हसून हसून आडवी झाली. गंगासागर रडत होती आणि हसत होती. मला दोन मिनिटं खरोखर अण्णा दिसले.
लगेच मोबाइल काढला. रेकॉर्ड दाबलं. 'स्टोरेज फुल.' पेनड्राइव्ह आणि एसएसडीच्या तुलनेचे एकशे बारा व्हिडिओ निघाले. ते पुसेपर्यंत सासूबाई दमून बसल्या.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
गंगासागरने तिच्या फोनवर सगळं घेतलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी म्हणालो, आण इकडे, चार ठिकाणी बॅकअप घेऊन ठेवतो.
तिने फोन आईच्या पेटीत ठेवला, कुलूप लावलं, आणि म्हणाली, "तुमी कुटंच सेव करू नगा. म्हंजी ऱ्हाईल."