बुटात अडकलेली काडी

घाटंजी, डिसेंबर, बुधवार संध्याकाळ

जेवण जात नाही. कविताचा प्लास्टरमधला पाय डोळ्यांपुढून हलत नाही.

खो-खोच्या पोरींना आम्ही अभ्यासासाठी बूट दिले होते. घोटे मुरगळणं त्याने कमी होतं का, ते पाहायचं होतं. दर महिन्याला मी बुटांचे तळ तपासायचे. कविताचे सगळ्यांत जास्त झिजलेले. गेल्या महिन्यात तिच्या बुटाच्या तळात पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी अडकली होती. मी ती टाचणीने काढून फेकली आणि लिहिलं, 'रोज वापरते.' शाळेच्या मैदानात पऱ्हाटी कुठून येणार? एवढंही सुचलं नाही मला!

आज तिच्या घरी गेले. पाय प्लास्टरमध्ये. जिल्ह्याची निवड हुकली.

"मॅडम, मी अनवाणीच खेळत होती," ती खाली पाहून म्हणाली. "बूट आई घालते, कापूस वेचाले. तपासणीच्या दिवशी मी घालून येत होती."

मी रागावणार, तेवढ्यात तिच्या आईने धुतलेले बूट पुढे ठेवले. "दोघीचं माप एकच हाये, मॅडम. यंदा माह्या पायात एक काटा नाही गेला."

आईच्या टाचांच्या भेगा भरत आल्या होत्या. माझ्या फॉर्मात त्याला रकानाच नाही.

अभ्यासातून पोर बाद झाली की बूट परत घ्यायचे, हा नियम माझाच. घेऊन आले. का आणले?

इतके धुऊनही तळात एक काडी राहिली आहे. काढायला हात धजत नाही.

कापसाच्या दोन वेचण्या बाकी आहेत अजून.