पायांचं कॉलेज

अप्पा, गेल्या आठवड्यात मी चेन्नईला एका कॉलेजच्या फाटकासमोर तासभर उभी होते, तुम्ही शिकवलंत तशी. चाळिशी उलटलेली बाई, खांद्याला पर्स, हातात छत्री आणि नजर फाटकावर. वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, कोणाला भेटायचंय. त्याला काय सांगणार? तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती नर्स झाले होते, त्यामुळे पुढची हकीकत तुम्हालाही ठाऊक नाही.

आपल्या मंडी मोहल्ल्यातल्या एका दवाखान्यात मी ड्रेसिंग करते. साखरेच्या आजाराचे पेशंट फार. गेल्या वर्षी जवळच्या वरुणा गावाहून एक दूधवाली बाई आली. चपलेतून खिळा वर आलेला, आणि ही तीच चप्पल घालून दिवसभर घरोघर दूध घालत फिरली. बधिर झालेल्या पायाला कळलंच नाही. शेवटी बोट काढावं लागलं. तिची पट्टी मी रोज बदलली, चांगली बदलली. पण असा पाय आधीच कसा ओळखायचा, त्याला कसली चप्पल द्यायची, हे मला येत नव्हतं, आणि ते मला फार लागलं. आमचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पोडिअॅट्री शिकून या. नुसते पाय बघणारं माणूस आपल्याकडे नाही." शेजारच्या बाई हसल्या, पायांचंही कॉलेज असतं का म्हणून. असतं, अप्पा. मला तर दोन ठिकाणी जागा मिळाली. चेन्नईला एका हॉस्पिटलला जोडलेलं, वर्षभराचं. आणि इंग्लंडात तीन वर्षांचं, शिष्यवृत्तीसकट. तिथून आलं की पुरी पोडिअॅट्रिस्ट. चेन्नईचं त्यामानाने अर्धंमुर्धंच म्हणायचं.

कॉलेज निवडायचं म्हटल्यावर तुमचीच आठवण आली. मी सहा वर्षांची आहे. तुम्ही वर्कशॉपमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मला सायकलच्या दांडीवर बसवून नेताय. आधी त्या मोठ्या कॉन्व्हेंटसमोर. पोरी रांगेने बाहेर येतात, तोंडं मिटलेली, आणि फाटक ओलांडलं की जिची तिची वाट. मग आपल्या अग्रहारातल्या शाळेसमोर. मी विचारते, आत नाही का जायचं? तुम्ही आपल्या कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणता, "सुम्ने गप उभी रहा ग पुट्टी. बिल्डिंग काय नोडायची? सुटल्यावर पोरी कशा येतात ते नोड." तिथे एकीच्या चपलेचा अंगठा तुटलाय आणि तिच्यासाठी चौघी पायरीवर खोळंबल्यात, मोठ्यामोठ्याने भांडत. "इथंच घालायचं, अष्टे, बास," तुम्ही म्हणता. इंग्रजी शाळा सोडली म्हणून आई रात्री ताट आपटून वाढते आणि तुम्ही मुकाट्याने जेवता.

इंग्लंडच्या फाटकासमोर कशी उभी राहणार? कॉम्प्युटरवर फोटो बघितले. सगळे हसताहेत, पण फोटो काढणाऱ्याकडे बघून. चेन्नईला मात्र रात्रीच्या गाडीने गेले. पाचला पोरं बाहेर आली, सगळी विशी-बाविशीतली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, मागे राहिलेल्याला हाका मारत. तुम्हाला आवडली असती. त्यातली एक पोरगी माझ्यापाशी आली आणि मायेने म्हणाली, "आंटी, ओपीडी त्या बाजूला आहे." मी थँक्यू म्हटलं आणि तिने दाखवलं त्या बाजूला चालूही लागले. ही पोरं एकमेकांसाठी थांबतील, माझ्यासाठी कशाला थांबतील? वाईट वाटलं, उगाच नाही म्हणत नाही.

घरी येऊन, आईही आता नाही म्हणून, धाकट्या भावाला फोन केला. तो बेंगळुरूला असतो; हल्ली मराठीत सुरू होतो आणि कन्नडमध्ये संपतो. "तुझं तू ठरव अक्का, निन्न इष्टा." डॉक्टर म्हणाले, इंग्लंड. शेजारच्या बाई म्हणाल्या, इंग्लंडच, घराची किल्ली माझ्याकडे ठेवून खुशाल जा. सगळे किती चांगले आहेत, अप्पा. एकानेही जाऊ नको म्हटलं नाही.

काल चेन्नईला होकार कळवला. डॉक्टरांना सांगितलं की तिथे अनवाणी चालणारे पाय बघायला मिळतील, आपल्या वरुणाच्या बायकांसारखे. इंग्लंडात सगळे बुटातले. कारण खोटं नाही. पण हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. इंग्लंडला उत्तर द्यायचा शेवटचा दिवसही कालचाच, तो उजाडला तरी मी वाट बघत होते, कोणीतरी अडवेल म्हणून. संध्याकाळ झाली. स्वयंपाकघरात सारू उकळत होतं, ते उतरवलं, गॅस बंद केला आणि मीच मोठ्याने म्हटलं, तुमच्या आवाजात, "नको ग पुट्टी. इतकं लांब बेडा." आवाज काही नीट जमला नाही. पण या घरात किती वर्षांनी कोणीतरी आपलं मराठी बोललं होतं, म्हणून मी ते पुन्हा एकदा म्हटलं.