एका परातीतलं पीठ

माय, मी तुला लिहायलोय. तू जाऊन एकतीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत दोन ओळीही लिहिल्या नाहीत, पण कालचा ईस्टर असा झाला की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मी तिथंच होते की हो, मलाच काय सांगायलात?" मग उरलीस तू. तर ऐक. काल आपली चर्चची मंडळी एकत्र जेवली. सगळी. एक घर मागं राहिलं नाही. माय, आपण जिंकलो!

आधी हरत कसे आलो होतो तेही सांगतो, कारण त्यात माझाच हात होता. चर्चची डागडुजी झाली, नवी फरशी, नवा रंग. मी मंडळीचा सेक्रेटरी. मीच सुचवलं की दारापाशी एक संगमरवरी पाटी बसवू, आणि आपल्यात सगळ्यात आधी ज्यांनी प्रभूवर विश्वास धरला त्यांची नावं तिच्यावर कोरू. पहिल्या मंडळीचा मान राखायचा, आणखी काय! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सुरू झालं. पहिलं नाव कुणाचं? उदगीरच्या गाडीवर कंडक्टर होते ते अण्णा म्हणायचे, बाप्तिस्मा आमच्या पणजोबांचा आधी. साखर कारखान्यात फिटर होते ते काका म्हणायचे, कुठलं काय, तुमचे पणजोबा काठावर धोतर सावरत उभे होते, पाण्यात आमचेच आधी उतरले. जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. मी पडलो मास्तर, जन्मभर पोरांची भांडणं सोडवलेली, मला वाटलं निकाल आपण देऊ. अण्णांच्या पणजोबांचं नाव वर घालून पाटी कोरून आणली. झालं! काकांनी चर्चच्या दाराला कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याच कडीत आपलंही कुलूप अडकवलं, काकांनी एकट्यानं उघडू नये म्हणून. ईस्टर आठवड्यावर आला, आणि प्रभूच्या दाराला दोन कुलपं! अण्णांकडची घरं वेगळी उपासना घेणार, काकांकडची वेगळा मांडव टाकणार. चर्चचे पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, ह्या रविवारी दोन उपासना झाल्या, तर मंडळी परत एक व्हायची न्हाई." मला ते खरं वाटलं.

त्या दुपारी मी डोकं धरून बसलो होतो, आणि काय झालं कोण जाणे, तुझं स्वयंपाकघर आठवलं. कमलनगरकडचं आपलं ते गाव. तू बायबलबाई, आठवडाभर गावोगाव पायी फिरून बायकांना वचन सांगणारी. कोसभरात चर्च नाही, म्हणून रविवारी पाच-सहा घरं आपल्या चुलीपाशीच जमायची. मी आठवीत आहे, हॉस्टेलातून सुट्टीला आलोय, चर्चचे बाक आणि घंटा बघून शहाणा झालोय. बायका येतात, प्रत्येकीच्या पदरात मूठभर पीठ आहे. कुणाचं पांढरंशुभ्र ज्वारीचं, कुणाचं कोंड्यासकट, कुणाचं शेजारणीकडून मागून आणलेलं. तू सगळं एकाच परातीत घेतेस, पाणी घालून मळतेस आणि तव्याएवढी भाकरी थापतेस. मी नाक मुरडतो. "माय, ही काय उपासना हाय? ना बाक, ना घंटा!" तू तव्यावरची नजर न काढता म्हणतेस, "प्रभूमागं आलेल्या पहिल्या मंडळीला कुठं होती रे घंटा? एकमेकांच्या घरात जमून, असंल ते वाटून खात होती ती माणसं. मार खाऊन यायची, तरी गात बसायची. अन् तुला बाक पायजे व्हय?" वर उलथणं दाखवतेस. मी रागानं बाहेर जाऊन बसलो. त्या भाकरीचा तुकडा त्या दिवशी मी खाल्ला नाही.

पुढं मी त्याच पहिल्या मंडळीवर किती बोललो! संडे स्कूलला फळ्यावर नकाशे काढले, तुरुंगात टाकलेल्या, पळवून लावलेल्या त्या माणसांच्या गोष्टी सांगताना तास कधी संपला ते कळायचं नाही. खोटं नव्हतं ते. पण त्यांचा मान म्हणजे त्यांची नावं कोरायची, एवढंच मला कळलं होतं. त्यांच्यासारखं वागायचं असतं हे तुझ्याकडं बघून कळायला हवं होतं, ते साठी उलटल्यावर कळलं.

मग उठलो आणि घरोघरी गेलो. ईस्टरला सगळ्यांनी नौबादला माझ्या घरी यायचं, येताना फक्त मूठभर पीठ आणायचं. अण्णा म्हणाले, "काका येणार असंल तर मी न्हाई." मी म्हणालो, "अण्णा, तुमचे पणजोबा काय म्हणले असते?" ते पिठाच्या डब्याकडं बघतात. मग म्हणतात, "ज्वारीचं आणू का गव्हाचं?" काकांनी तर मला दारातूनच वाटेला लावलं. निरोप अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या कानावर घातला आणि परत आलो.

काल सकाळी आले की गं सगळे, काका-अक्का तेवढे राहिलेले! पण आत बघतो तर काय, बायकांनी आपणहून दोन पराती मांडलेल्या, एक अण्णांकडची, एक काकांकडची. तेवढ्यात अक्का आल्या. काका फाटकातच थांबलेले. अक्कांनी पदर खोचला, आपल्याकडची परात उचलली आणि सगळं पीठ अण्णांकडच्या परातीत ओतलं. अण्णांची सून ओरडली, "अक्का, कामून असं करायलाव? ते आमचं हाय!" अक्का हात घालून पीठ कालवत म्हणाल्या, "आता ह्यातलं तुमचं कंचं अन् आमचं कंचं, काढून दाखव की गं!" माय, असा हशा पिकला! सून हसली, अण्णा हसले, फाटकातून काकाही हसत आत आले. पाच तवे चढले. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून पहिली भाकरी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती मोडली आणि अर्धी काकांपुढं धरली. काका म्हणाले, "पोळलं की रे!" पण सोडली नाही. मग असं गाणं झालं की गल्लीतली माणसं गच्चीवर येऊन बघायली. जेवण झाल्यावर दोघं किल्ल्या घेऊन चर्चला गेले, आणि सगळी मंडळी गात त्यांच्या मागं. पाटी आता आमच्या न्हाणीत आहे. नावं खालच्या अंगाला, वर बायको कपडे धुवायली.

एक राहिलंच. दार उघडल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, हे तुम्हाला सुचलं तरी कसं?" मी हात जोडून म्हणालो, पहिल्या मंडळीची रीत आहे ही. टाळ्या पडल्या. तुझं नाव मी घेतलं नाही, माय. विसरलो असं नाही, अगदी ओठावर आलं होतं. पण सगळे माझ्याकडंच बघायले होते, आणि मला ते बरं वाटायलं होतं.