दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

आबा, गेल्या रविवारी लेक भाकरीचं पीठ मळत होती आणि ओट्यावर तिच्या फोनवर गाणी चालली होती. मध्येच एक संथ गाणं लागलं आणि मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. तुमच्या कॅसेटमधलं, दुसऱ्या बाजूचं शेवटचं. ते गाणाऱ्या परदेशी पोरांची बाकीची गाणी जगाला पाठ आहेत, हे मात्र फारसं कुणी ऐकत नाही, असं लेकच म्हणाली. मीही तुमच्यानंतर ते कधी ऐकलं नव्हतं.

कोइमतूरच्या गलाईच्या दुकानातून तुम्ही वर्षातून एकदा विट्याला यायचात. सोनं शुद्ध करता करता तेजाबानं बोटं पिवळी पडलेली, धुरानं घसा बसलेला. त्या वर्षी शेजारच्या दुकानदारानं दिलेली ती कॅसेट घेऊन आलात. पहिल्या गाण्यावर आम्ही भावंडं घर डोक्यावर घेतोय आणि तुम्ही खाटेवर बसून हसताय. सगळे पांगल्यावर तुम्ही कॅसेट उलटता, शेवटचं गाणं लावता, मागं घेता, पुन्हा लावता.

“तू कालेजात इंग्रजी शिकतीस न्हवं? काय म्हणतोय गं ह्यो, सांग की.”

मला एक ओळ धड कळत नव्हती. तसं सांगायची लाज वाटली. “प्रेमाचं हाय आबा. सगळी तसलीच असत्यात.”

“न्हाई गं,” तुम्ही म्हणालात, “ह्यो कुणापास्नं तरी लय लांब हाय.”

तेवढ्यात आईनं हाक मारली, “आवं, जेवून घ्या, मग ऐका.” तिनं तुमच्यासाठी पाहुण्यांचं ताट काढलं होतं. तुम्ही ताटाकडं बघत राहिलात. “रोजचं दे की,” एवढंच म्हणालात. आम्ही हसलो.

आता मी पलूसच्या शाळेत इंग्रजीच शिकवते. रविवारी शब्द न् शब्द कळला. परमुलखात राबलेला माणूस थकून घरी येतो, सगळे त्याच्याशी फार चांगलं वागतात आणि त्या चांगुलपणातच तो एकटा पडतो. तेव्हा कळलं असतं तर सांगायला दोन मिनिटं लागली असती. मग कदाचित तुम्हीही काही बोलला असता. वर्गात पोरं रोज अर्थ विचारतात, मी सांगते. तुम्ही विचारलेला तेवढा राहून गेला.

त्या खेपेला मला औंधच्या यात्रेला नेणार होतात. चार दिवस आधीच दुकानावरून बोलावणं आलं. तुम्ही निघायच्या आदल्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलले नाही. सकाळी पिशवी खांद्याला लावून तुम्ही माझ्या अंथरुणापाशी आलात. “येतो गं बाळ,” दोनदा म्हणालात. “झोपलीया ती, झोपू द्या,” आई म्हणाली. पुढच्या वर्षी तिकडून तुमची कपड्यांची पेटी तेवढी आली.

हे वहीतच राहील, लेकीलाही दाखवणार नाही. मी जागी होते, आबा.