हिरव्या बोटीची तांत्रिक अडचण

तीर्थरूप मामांस, भाच्याचा एका हाताने नमस्कार (दुसरा सुकाणूवरून काढायचा नाही, ही शिकवण तुमचीच). मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची कंबर धरते म्हणे. गार जागी फार वेळ बसणं बरं नव्हे, असं डॉक्टर लोक सांगतात. रोज येता-जाता दिसतो, मग हे पत्र कशाला लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. पण काही गोष्टी तोंडावर बोलायला जीभ रेटत नाही.

तर आपल्या बोटीवर गंडांतर आलंय. तुम्ही एकतीस वर्षं चालवलेली बोट फार डिझेल पिते, फार धूर ओकते, म्हणून ऑफिसने सहा जणांची धूरकपात समिती नेमली. समिती पाहणीला आली ती स्वतःच्या स्पीडबोटीतून (आपली फार हळू जाते म्हणे). पहिल्याच बैठकीत ठरलं, बोट हिरवी रंगवायची. रंगाचे तीन हात दिले, वर पानं काढली. डिझेल तेवढंच लागलं. मग छपरावर सोलर पॅनल आलं. त्यावर एक दिवा चालतो आणि तो 'ही बोट सूर्यावर चालते' या पाटीवर उजेड पाडतो, तोही भर दुपारी. मग वेग निम्मा करायला लावला. त्या रोजच्या मास्तरीणबाई शाळा भरल्यावर पोचू लागल्या. त्यांनी आणि आणखी वीस जणांनी सरळ स्कूटरी काढल्या आणि पुलाचा लांबचा वळसा धरला. समितीने अहवालात लिहिलं की प्रवासी घटल्याने बोट हलकी झाली, ही जमेची बाजू. आता यांच्यापुढे काय डोकं फोडायचं?

शेवटी आमच्या इंजिनवाल्याने वैतागून मीटर लावला. तेव्हा कळलं, एकतृतीयांश डिझेल बोट उभी असतानाच जळतं. धक्क्याला लागल्यावर दोर बांधून इंजिन बंद करायचं सोडून, आपण लोक चढेउतरेपर्यंत बोटीचं नाक धक्क्याला टेकवून इंजिन रेटत ठेवतो. अध्यक्षांनी मला विचारलं, "मग दोर का बांधत नाही?" मी खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणालो, "तांत्रिक अडचण आहे, साहेब." त्यांनी ते लिहून घेतलं आणि अडचणीसाठी उपसमिती नेमली.

येत्या सोमवारी चाचणी आहे. पाचवा हिस्सा डिझेल वाचलं नाही, तर बोट भंगारात आणि मी आवक-जावकच्या टेबलावर. मामा, त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. खरं सांगतो, मला भीती वाटते. बाकी सगळं ठीक.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
भाचा

ता. क. धक्क्याला दोर बांधायचे खुंट दोनच. एक गंजून पडला. दुसऱ्यावर, निवृत्त झालात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गेली आठ वर्षं, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत पेपर घेऊन तुम्ही बसता. उठा म्हणायची आमच्यात कुणाची छाती नाही. उपसमितीचीही झाली नाही (ते आले होते; तुम्ही त्यांना शब्दकोड्यातलं आडवं सात विचारलंत आणि ते परत गेले). सोमवारपुरते तरी उठाल का?

ता. क. दुसरा. पत्र मामींच्या हाती द्यायला गेलो, तर त्यांनी दारातच वाचलं. म्हणाल्या, "बोट गेली तर जाऊ दे, पण यांना दिवसभर घरी पाठवू नकोस." तेव्हा घरी जाऊ नका. खुंटाशेजारी खुर्ची ठेवतो. दोर तुम्हीच बांधा, तुम्हीच सोडा. तुमच्याइतकी झटपट गाठ अजून आमच्यात कुणाला जमत नाही. खुर्ची समितीकडून 'ऊर्जाबचत उपकरण' म्हणून मंजूर करून घेतली आहे. आजवर त्यांनी मंजूर केलेल्यांपैकी खरोखर काम करेल असं हे पहिलंच.