फुगलेली नळी

हॅनकॉक, मिशिगन
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय ऑनी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. बर्फ गुडघाभर आहे. बाबांचं वय चौऱ्याऐंशी, पण चुलीची लाकडं अजून तेच फोडतात, कुणाला हात लावू देत नाहीत.

तुझ्या लेम्पीचं पत्र आलं. आजोबांबरोबर तितरांच्या शिकारीला यायचंय म्हणते. बाबांनी भिंतीवरची छऱ्याची बंदूक काढली आणि माझ्यापुढे ठेवली. सव्वीस वर्षं ती नुसती टांगलेली होती, नळीच्या तोंडाशी तोच फुगवटा घेऊन.

"नवी नळी घे," म्हणाले. "जुनं कशाला उगाळायचं?"

मी ती नेस्टरच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात नेली. तो म्हणाला, "नवी मिळेल, हुबेहूब. नाहीतर फुगवट्याच्या मागून कापतो. अठ्ठावीस इंचांची तेवीस होईल, छरे जरा लवकर पसरतील, झाडीत चालतं. कायद्यातही बसतं."

लेम्पीचे हात आखूड, हलकी बंदूक बरी, असं मी त्याला सांगितलं. ते खरंच आहे. पण नवी नळी लावली असती तर काही झालंच नव्हतं असं दिसलं असतं, आणि ते मला नको होतं.

ऑनी, ती नळी मी फुगवली. तू बंदूक नेलीस त्याच्या आदल्या दिवशी ओढ्याजवळ मी पाय घसरून पडलो, नळीच्या तोंडात बर्फ भरला, न बघता मी चाप ओढला. घरी येऊन गुपचूप टांगली. दुसऱ्या दिवशी तू ती परत आणलीस, बाबांना फुगवटा दिसला आणि त्यांनी तुला धरलं. "मी नाही केलं," तू म्हणालास. "वर खोटंही बोलतोस," ते म्हणाले. मी तिथेच जेवत होतो. बावीस वर्षांचा घोडा, आणि तोंडातून शब्द फुटला नाही. तू डुलुथला गेलास तो गेलासच. मला लाज वाटते.

शनिवारी वाफेच्या खोलीत बाबांनी विचारलं, "नवी का नाही घेतलीस?" मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ तापल्या दगडांवर पाणी ओतत राहिले. मग म्हणाले, "पोराला लिही. मीच लिहिलं असतं, पण हात थरथरतो."

थरथरतो म्हणे. काल याच हातांनी गळाला दोरा ओवत होते, चष्म्याशिवाय.

सोबत कापलेला पाच इंचांचा तुकडा आहे. बाबांनी तो स्वतः पुसला, तेल लावलं, कापडात बांधला. म्हणाले, "त्याचा आहे, त्याला दे. आणि म्हणावं, मी चुकलो."

लेम्पीला घेऊन ये. मला माफ नाही केलंस तरी ये.

तुझा दादा, अजून म्हणू देशील तर,
आर्व्हो